पायरीवरची नोंद

साहित्य

पेटी सपाट टेबलावर ठेवून उघडावी. वरच्या कप्प्यात जानमाज (नमाजाची चटई), जपमाळ, मुहपत्ती (जैनांचे तोंडावर धरायचे वस्त्र), मेणबत्ती, तांब्याचे ताम्हन आणि पळी आहे. खालच्या कप्प्यात तीस पट्ट्या आहेत. वरच्या वस्तू विद्यार्थ्यांना हातात घेऊ द्याव्यात, त्यांचा उपयोग त्यांनाच ओळखू द्यावा. पट्ट्या शेवटी काढाव्यात.

हे सारिका मॅडमनी लिहिलं होतं. नववीला धर्मपरिचय हा विषय नव्यानं आला, तेव्हा शिक्षक हस्तपुस्तिका तयार करायला जिल्ह्यानं जो गट नेमला त्यात त्या होत्या. कोरेगावातल्या एका शाळेत त्या बरीच वर्षं इतिहास शिकवत होत्या, आणि पट्ट्या शेवटी काढल्या तर मुलं आधी ताम्हन बघतील असं त्यांना खरंच वाटलं होतं.

"मॅडम, पट्ट्या कधी?" पहिल्याच तासाला शौर्यनं विचारलं.

"आधी सांग, हे काय आहे?"

"ताम्हन. घरी आहे आमच्या. पट्ट्या कधी?"

पट्टी कशी काम करते

माणूस प्रार्थना करतो तेव्हा त्याच्या मेंदूत, श्वासात, हृदयाच्या ठोक्यांत बदल होतात. पट्टीतले संवेदक ते टिपतात. काही संवेदक कवटीवरून विजेच्या लहरी मोजतात. काही डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत सोडून रक्त कुठे जास्त धावतं आहे ते बघतात. हात हलल्यामुळे, ओठ हलल्यामुळे येणारा गोंधळ संगणक गाळून टाकतो.

पण प्रत्येकाचा मेंदू मुळातच वेगळा. कुणाची लहर नुसतं बसल्या बसल्याही उंच, कुणाची कायमच सखल. म्हणून दात्याला, म्हणजे ज्याची प्रार्थना नोंदवायची त्या माणसाला, आधी थोडा वेळ काहीही न करता बसवतात आणि त्याची पायानोंद घेतात. त्यानंतर प्रार्थनेची नोंद. दुसरीतून पहिली वजा केली की जो फरक उरतो, तो प्रार्थनेचा. तेवढाच पट्टीत साठवायचा.

वर्गात हीच पट्टी उलटी चालते. कानाला ऐकू न येणाऱ्या मंद ध्वनिलहरी मेंदूत नेमक्या जागी सोडून ती साठवलेला फरक मुलाच्या स्वतःच्या लहरींत मिसळते. मुलाला मंत्र कळत नाही, देव दिसत नाही, दात्याच्या मनातले विचार कळत नाहीत. फक्त छातीत काहीतरी भरून येतं, किंवा हलकं होतं, किंवा उगीच रडू येतं. फलटणच्या बाजूच्या एका मशिदीत पहाटे बांग देणाऱ्या माणसाच्या पोटातली शांतता कोरेगावच्या मारवाडी मुलीला तासाभरात काही मिनिटं मिळते. उद्देश एवढाच होता. वाईट नव्हता.

पट्टीच्या कपाळावरच्या भागात एक छोटा आकडा उजळतो, शून्यापासून शंभरापर्यंत. फरक केवढा मोठा आहे ते तो सांगतो. ऐंशीच्या वर गेला तर शिक्षकानं पट्टी काढून घ्यावी, म्हणून तो ठेवला होता. त्याला नाव काय द्यायचं यावर गटात अर्धा दिवस चर्चा झाली आणि शेवटी 'तीव्रता' असं ठरलं. त्या दिवशी चहा चांगला होता, एवढंच सारिकाला त्या चर्चेतलं आठवत होतं.

आकड्याबाबत सूचना

पहिली आवृत्ती: आकडा केवळ सुरक्षिततेसाठी आहे.

दुसरी आवृत्ती: आकडा केवळ सुरक्षिततेसाठी आहे. विद्यार्थ्यांनी आकड्यांची तुलना करू नये.

तिसरी आवृत्ती: पट्टी वाटण्यापूर्वी आकड्यावर काळी चिकटपट्टी लावावी.

चौथी आवृत्ती: चिकटपट्टी काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना शाळेत बोलवावे.

पालक आले. त्यांनी विचारलं की आपल्या धर्माचा आकडा नक्की किती आहे, आणि तो शेजारच्यांपेक्षा कमी का आहे.

वर्षाच्या आत जिल्ह्यात तीव्रता मोजून देणारी दुकानं निघाली, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. कीर्तनाच्या फलकावर बुवांच्या नावापुढे आकडा छापायला लागले. एका चर्चनं आपल्या गायनमंडळाची नोंद परत घ्यायला लावली, कारण पहिल्या वेळी म्हणे पंखा बंद होता. एका विहारातल्या भन्तेंनी उपासकांना आकडा विसरायला सांगितलं, आणि ते सांगतानाचा त्यांचाच आकडा कुणीतरी मोजून पसरवला. स्थळांच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी, स्वतःचे घर, तीव्रता साठच्या वर' असं येऊ लागलं.

पेटीतल्या नोंदींचे आकडे मुलांना पाठ होते. बांग, त्रेपन्न. जैनांचं सामायिक, एक्केचाळीस. चर्चमधलं गाणं, दुसऱ्या वेळचं, सदुसष्ट.

ग्रामदेवतेची रोजची पूजा: शून्य.

दाते

ही शून्याची नोंद सारिकाच्या वडिलांची होती.

जालिंदर गुरव. गाव वाघदरे, कोरेगावहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. सोमेश्वराच्या देवळात पूजेची पाळी दोन घरांत होती: एक वर्ष जालिंदरतात्यांचं, एक वर्ष त्यांचा चुलतभाऊ मनोहर याचं. पाळीच्या वर्षात गुरवानं गावची शीव ओलांडायची नाही, असा रिवाज. आजारी पडला तर डॉक्टर गावात यायचा. मुलीचं लग्न ठरलं तर वऱ्हाड गावात यायचं.

सारिकाचं लग्न पाळीच्या वर्षात झालं होतं. पाठवणीच्या वेळी, गाडीचं दार उघडं असताना, तात्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि "आलोच" म्हणून निघून गेले. दिवेलागणीची वेळ झाली होती. वऱ्हाडातल्या एका बाईनं विचारलं, "वडील कुठं गेले?" आणि आईनं सांगितलं, "देवाकडं." सारिकानं गाडीत बसून वाट पाहिली. त्या वेळी तिनं ते मनातल्या मनात मोठं करून घेतलं. आपल्या बापाचं देवावर इतकं प्रेम आहे, तर आपण थोडं थांबायला हरकत नाही. पुढची सगळी वर्षं ती त्या समजुतीवर निभावून आली.

म्हणून गटात 'ग्रामदेवतेसाठी दाता कोण' असा प्रश्न आला तेव्हा तिनं लगेच वडिलांचं नाव सुचवलं.

नोंद घ्यायला इम्रान मुजावर आला. तरुण इंजिनिअर, बोलायला मोकळा. पायानोंद खरं तर साताऱ्याच्या केंद्रातल्या एका रिकाम्या खोलीत घ्यायची असे, पण तात्यांची पाळी चालू होती.

"शीव ओलांडायची नाही," सारिका म्हणाली.

"मग इथंच घेऊ," इम्रान म्हणाला. "तात्या, तुम्ही रोज निवांत कुठं बसता?"

तात्यांनी नंदीशेजारची पायरी दाखवली. पूजेआधी ते तिथं बसून बेल निवडायचे. इम्राननं त्यांना तिथं बसवलं, हातात बेल घेऊ दिला नाही, आणि पायानोंद घेतली. मग तात्या आत गेले. पिंडीवर पाणी घातलं, पुसून घेतली, भस्म लावलं, बेल वाहिला, आरती केली, बाहेर आले.

इम्राननं पडद्याकडे बघून पट्टी एकदा झटकली.

"बिघडली का?" सारिकानं विचारलं.

"नाही. नोंद आलीये. फरक नाहीये." तिचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, "चांगलंय की मॅडम. सगळ्यात सुरक्षित नोंद."

तेव्हा आकड्याला कुणी किंमत देत नव्हतं. नोंद पेटीत गेली.

त्या दुपारी तात्यांनी भाकरी थापली. आई गेल्यापासून ते स्वतःच करायचे.

"तात्या, पूजा करताना तुम्हाला काय वाटतं?"

"कवा?"

"रोज. आज."

"आज पाणी लई गार हुतं."

"तसं नाही. आतून काय वाटतं?"

तात्यांनी भाकरी उलटली. "दात घासताना तुला काय वाटतं?"

 तिनं ताट पुढे ओढलं. "माझ्या पाठवणीच्या वेळी तुम्ही उठून गेलात."

"दिवा लावायचा हुता."

"वाटत तर काहीच नाही म्हणता."

"मला काय वाटतं त्याचं त्याला काय करायचंय?" तात्या म्हणाले. "अंधार पडला की दिवा लागला पायजे. खा, गार हुईल."

गटचर्चा

शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लहान गट करावेत. प्रत्येकाला बोलण्याची समान संधी मिळेल याची काळजी घ्यावी. चर्चेतून एकमत व्हायलाच हवे असे नाही.

वाघदऱ्याच्या सभामंडपात एकमत झालं. देवस्थान समितीचे अध्यक्ष संपतराव घाडगे यांनी तात्यांना मानानं सतरंजीवर मध्यभागी बसवलं होतं. सारिका खांबाला टेकून उभी होती.

"तात्या, तुमच्याशी आमचं वैर न्हाई," संपतराव म्हणाले. "पण पोरं शाळेतनं येत्यात आनि इचारत्यात, आपल्या देवाचं शून्य का. शेजारच्या गावची पोरं चिडवत्यात. काय सांगायचं?"

"देवाचं न्हाई, माझं हाय शून्य," तात्या म्हणाले.

"तेच तर म्हणतोय."

मागून कुणीतरी हसलं.

संपतरावांनी भूषणला पुढे बोलावलं. गावातलाच मुलगा, पुण्यात नोकरी करून परत आलेला, रोज देवळात येणारा. दुकानात मोजून आला होता. अठ्ठ्याऐंशी. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याला तात्यांसमोर हे नको होतं हे दिसत होतं.

"तात्यांच्या घराची पाळी हितनं पुढं भूषण करंल," संपतराव म्हणाले. "आता तात्यांना वाटलं की आकडा चुकलाय, तर त्यांनी नवा आणावा. पन्नासच्या वर असंल तर आमी हात जोडून पाळी परत देऊ. मातर मग नेमच करू. दर पाळीला मोजायचं, ज्याचा भरंल त्यो आत. म्हंजी पुढं वाद नगं."

मनोहरकाका सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांनी मोबाईल खिशात घातला.

"चालंल," तात्या म्हणाले आणि सभामंडपाच्या पायऱ्या उतरून घरी गेले.

सारिकानं तिथूनच इम्रानला फोन लावला.

दुरुस्ती

"मी मूळ नोंद उघडून बसलोय," इम्रान दुसऱ्या दिवशी म्हणाला. "मॅडम, चूक माझी आहे. आपण पायानोंद कुठं घेतली?"

"पायरीवर."

"देवळाच्या पायरीवर. देवासमोर. हे म्हणजे माणसाला पाण्यात उभं करून वजन घ्यायचं, मग पाण्यात बसवून घ्यायचं, आणि म्हणायचं, पाण्यानं काही फरक पडत नाही. शून्याचे दोन अर्थ होतात. एक, तात्यांना आत काहीच होत नाही. दोन, जे होतं ते बाहेर पायरीवरच चालू झालेलं असतं, आणि आत गेल्यावर तेवढंच राहतं. दोन्हीत वजाबाकी शून्यच."

"कुठला अर्थ खरा?"

"पायानोंद परत घेतली तर कळेल. देवळापासून लांब. साध्या खोलीत."

आता तात्यांची पाळी नव्हती. शीव ओलांडायला हरकत नव्हती.

ते सकाळच्या एसटीनं कोरेगावला आले. मनोहरची पाळी असे त्या वर्षांत ते असे अधूनमधून यायचे. दुपारी जेवायचे आणि चारच्या गाडीनं परत जायचे. एक रात्रही कधी राहिले नव्हते. सारिका दर वेळी नवी चादर काढून ठेवायची.

सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इम्राननं पट्टी बांधली.

"काय करू?"

"काही नाही. लेकीचं घर आहे, निवांत बसा."

सारिका इम्रानच्या मागे उभी राहिली. पडद्यावर रेघ उमटू लागली. ती वाचायला ती आता शिकली होती. देवळाच्या पायरीवरची रेघ रुंद, सावकाश वर-खाली होणारी होती. ही खाली चिकटून बारीक थरथरत होती.

"घर झ्याक हाय तुजं," तात्या म्हणाले. "हवा खेळती हाय."

रेघ तशीच.

"पोरीचा फोटू नवा लावलास व्हय? छान आलाय."

तशीच.

तिनं चहा आणून दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि हसले. रेघ किंचित वर आली आणि परत खाली गेली.

इम्राननं जुन्या प्रार्थनेच्या नोंदीतून ही पायानोंद वजा केली. आकडा आला. त्यानं पडदा सारिकाकडे वळवला. एक्क्याण्णव.

"जिल्ह्यात कुणाचा नाही," तो हळू म्हणाला. "वर्गात चालवता येणार नाही, ऐंशीच्या वर आहे. पण समितीला दाखवा. बोलतीच बंद होईल." मग म्हणाला, "आमचे आजोबा दर्ग्याचं सगळं बघायचे. ईदला आमच्या घरी यायचे आणि उंबऱ्याजवळच बसायचे. आजी म्हणायची, आलेत पण आलेले नाहीत."

सारिकानं आकड्याकडे पाहिलं. तिच्या बापाला गावानं ढोंगी ठरवलं होतं आणि तो ढोंगी नव्हता. ती पाळी वाचवू शकत होती. याच आकड्यात हेही होतं की तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर, तिच्या हातचा चहा पिताना तो इतका खाली असायचा. एवढी वर्षं. फरक मोठा यायला दुसरी बाजू तेवढी खोल असावी लागते. हे हस्तपुस्तिकेत तिनं स्वतः लिहिलं होतं, दुसऱ्या शब्दांत.

"एक्क्याण्णव," ती तात्यांना म्हणाली. "भूषणपेक्षा जास्त. आज संध्याकाळीच जाऊ संपतरावांकडे."

तात्यांनी पट्टी काढून नीट घडी करून टेबलावर ठेवली. ती घडी घालायची वस्तू नव्हती, पण इम्राननं ती तशीच राहू दिली.

"दाखवायचं न्हाई," ते म्हणाले.

"का?"

"ह्यो दाखवला की मनोहरला मोजायला बसवत्याल. मग त्याच्या पोराला."

"बसवू देत. खरं काय ते कळेल."

"मनोहर गाभाऱ्यात मोबाईल बघतो. मला म्हाईत हाय, संपतला न्हाई. पर त्याच्या पाळीत दिवा कवा इझला न्हाई." ते टोपी घालू लागले. "आनि मला तरी रोज एक्क्याण्णव कुठनं आणायचं? एखादा दिस पाणी गार असतंय."

"तात्या, पाळी जाईल. कायमची."

"जाईल."

"हे सगळं मी आणलं तुमच्यावर."

"तू पेटी आणलीस. मोजायचं त्यांनी काढलं." ते उठले. "चारची गाडी हाय."

"आज राहा."

तात्या घुटमळले. त्यांनी खोलीत एकदा नजर फिरवली. नवी चादर त्यांना दिसली असावी. "राहिलो तर तुलाच घोर," ते म्हणाले. "तुज्या मशिनीनं दावलंच असंल की."

इम्रान वायरी गुंडाळत होता. त्यानं भुवया उंचावून सारिकाला विचारलं, पाठवू का? फोन तिच्या हातात होता, संपतरावांचा नंबर समोर होता. बाप जिना उतरत होता, कठड्याला धरून, एकेक पायरी. त्याला न विचारता ती त्याला वाचवू शकत होती. आधीही तिनं त्याला न विचारताच सुचवलं होतं.

तिनं मान हलवली. नको.

कृती

काही महिन्यांनी गटाकडे पत्र आलं: ग्रामदेवतेच्या पूजेची नोंद सदोष असल्यामुळे ती पेटीतून काढावी. सारिका मॅडमनी उत्तर पाठवलं की नोंद सदोष नाही, तिच्यासाठी लिहिलेली कृती अपुरी आहे. मग त्यांनी नवी कृती लिहिली.

विद्यार्थ्यांना पट्टी घालण्यास सांगावे. नोंद सुरू करावी. विद्यार्थी 'बंद आहे' असे म्हणतील. पट्टी बंद नाही. थांबावे.

"मॅडम, बंद आहे," झैद म्हणाला.

"चालू आहे. बसा."

मुलं बसली. चुळबुळ झाली. शौर्यनं चिकटपट्टी नखानं उचलून शेजारच्याचा आकडा पाहिला आणि बोटांनी शून्य करून सगळ्यांना दाखवलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग हसण्यासारखंही काही राहिलं नाही. पंखा फिरत होता. बाहेर पाचवीची कवायत चालली होती.

"काय झालं?" वेळ संपल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"कुणाला काहीच नाही?"

आर्वी शेवटच्या बाकावरून म्हणाली, "माझी आई सकाळी डबा करते तेव्हा अशी असते."

"कशी?"

"अशीच. तिच्याकडे बघून काही कळत नाही. मी एकदा विचारलं, तुला आवडतं का रोज करायला. म्हणाली, आवडायचं काय त्यात, तुला भूक नाही का लागणार?"

"म्हणजे तिचं पण शून्यच येणार," शौर्य म्हणाला.

"मग? तू आणतोस का उद्यापासून माझा डबा? तुझा आकडा मोठा आहे म्हणे."

वर्ग हसला. शौर्यही हसला, थोडा उशिरा.

"माझे चाचा," झैद म्हणाला, "त्या बांग देणाऱ्या त्रेपन्नवाल्यांना ओळखतात. ते म्हणे त्या दिवशी आजारी होते, घसा बसलेला. नीट होईल की नाही याचंच टेन्शन होतं. नाहीतर कमीच आलं असतं."

सारिका मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. तास संपल्यावर पट्ट्या गोळा करताना त्यांना दिसलं की आर्वी वरच्या कप्प्यातलं ताम्हन हातात घेऊन बघते आहे, उलटं करून, खाली राखेनं घासल्याचे चरे असतात तिथं.

स्वाध्याय

प्रश्न: नोंदीतील व्यक्ती देवळाच्या पायरीवर बसली आहे की गाभाऱ्यात उभी आहे, हे पट्टीवरून सांगता येते का? येत नसल्यास का येत नाही? स्वतःच्या शब्दांत लिहा.

हा प्रश्न लिहिला त्या आठवड्यात सारिका वाघदऱ्याला गेली. सकाळची पूजा चालू होती. आतून भूषणचा आवाज येत होता, भरून आलेला, मधेच तुटणारा. तो खरंच रडत होता. त्यात काही खोटं नव्हतं.

तात्या नंदीशेजारच्या पायरीवर बेल निवडत बसले होते. किडकं पान बाजूला, तीन पानं शाबूत असलेलं परडीत.

ती त्यांच्याशेजारी बसली. दगड गार होता.

"संपतराव काही बोलले?"

"काय बोलंल? हितं बसू नगं असं कुणालाच म्हणता येत न्हाई."

तीही पानं निवडू लागली. एक्क्याण्णवाचं त्यांना माहीत होतं. त्याआधीच्या शून्याचं मात्र तिनं कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती आकडा जिंकल्याच्या घाईत होती. आता सांगितलं. पहिली नोंद इथं घेतली, या पायरीवर. दुसरी आत, पिंडीसमोर. दुसरीतून पहिली वजा केली. उरलं काहीच नाही.

तात्यांचे हात थांबले. ते विचार करत होते. हिशेब कळायला त्यांना वेळ लागायचा, पण कळल्याशिवाय ते सोडायचे नाहीत.

"म्हंजी हितं बसलो काय आनि आत उभा ऱ्हायलो काय, सारखंच आलं त्यात?"

"हो. अगदी सारखं."

"मशिनीला फरक घावला न्हाई."

"नाही."

"मग संपतनं मला काढलं कुठनं?"

ती हसली, आणि हसताना तिला तोंडावर हात धरावा लागला, कारण आत आरती सुरू झाली होती.

तात्यांनी परडी तिच्याकडे सरकवली. "हे भूषणला नेऊन दे. रडायला लागला की बेलाचं इसरतंय पोरगं. आनि सांग, पाणी गार असंल तर जरा कोमट करून घे म्हणावं, कुणी नगं म्हणत न्हाई."

ती परडी घेऊन आत गेली. परत आली तेव्हा त्यांनी पायरीवर तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.